दोन कोकवर दोन तिकिटं फ्री!

आधी एक क्विझ घेऊ. अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्टेडियम्स कुठल्या शहरांत आहेत? न्यूयॉर्क म्हणालात? शिकागो? लॉस एंजेलिस? सॉरी बॉस, शून्य मार्क. ती आहेत अ‍ॅन आर्बर, स्टेट कॉलेज, कॉलेज स्टेशन, टस्कलूसा असल्या ठिकाणी. (स्टेट कॉलेज आणि कॉलेज स्टेशन ही खरोखरच गावांची नावं आहेत, पत्ता अर्धवट राहिलेला नाही.) एक लाखावर माणसं बसतील अशी आठेक स्टेडियम्स त्या देशात आहेत आणि ती सगळीच्या सगळी कॉलेज फुटबॉलची आहेत. करोडो डॉलर्स घेणाऱ्या प्रोफेशनल टीम्सपैकी एकीलाही नेहमीच्या मॅचसाठी एवढं मोठं घर नाही.

अ‍ॅन आर्बरचंच घ्या. मिशिगन युनिव्हर्सिटीचं गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१! म्हणजे शनिवारी दुपारी तान्ही बाळं आणि ड्युटीवरचे डॉक्टर सोडले तर जवळजवळ अख्खं गाव आत बसवता येईल. ८ नोव्हेंबर १९७५ पासून तिथल्या प्रत्येक होम मॅचला लाखाच्या वर गर्दी नोंदली गेली आहे. अपवाद फक्त २०२० चा, कोविडवाल्या वर्षाचा.

आता आपल्या कॉलेजची मॅच आठवा. बाराव्या खेळाडूच्या हातात सगळ्यांची घड्याळं आणि पाकिटं, बाउंड्रीवर कॅण्टीनचा पोऱ्या, आणि लेक्चर बंक करून सावली शोधत बसलेली पाच-सहा जणं. त्यातली दोघं तर एकमेकांसाठी आलेली. तिकीट? आपल्या कॉलेजच्या मॅचला कुणी तिकीट लावलं असतं तर आपण अंपायरलाही आत सोडलं नसतं!

आणि तरीही, मंडळी, लाख-लाख माणसं जमवणाऱ्या त्या अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या स्पोर्ट्स खात्यात गेली पंधरा-वीस वर्षं एकच टेन्शन आहे. सीट भरायची कशी? त्यासाठी त्यांनी जे काय-काय उद्योग केलेत ते मार्केटिंग, सेल्स आणि एचआरमधल्या माझ्या तमाम दोस्तांनी वाचलेच पाहिजेत. सॉलिड मटेरियल आहे.

*

आधी बेसिक फंडा. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, पायापेक्षा हातानेच जास्त खेळायचा. शनिवार कॉलेजांचा, रविवार प्रोफेशनल लीगचा. सीझन ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होतो, नोव्हेंबरच्या शेवटी आवरतो आणि त्यात एका टीमच्या वाट्याला घरच्या मैदानावर जेमतेम सहा ते आठ मॅचेस येतात. या सगळ्या मॅचेसचं एकगठ्ठा तिकीट म्हणजे सीझन तिकीट. आपल्या 'सवाई'च्या सीझन पासासारखं. फक्त सवाईत पुढची जागा मिळवायला देणगी द्यावी लागत नाही.

हो, देणगी! मोठ्या युनिव्हर्सिट्यांत चांगल्या सीटसाठी तिकिटाच्या किमतीशिवाय दर सीटमागे दरवर्षी वेगळी 'डोनेशन' द्यावी लागते. आपल्या इंजिनीअरिंग अ‍ॅडमिशनचा अनुभव असलेल्यांना हा प्रकार जास्त समजावून सांगायला नको. गंमत म्हणजे २०१७ पर्यंत या देणगीची ८० टक्के रक्कम इन्कम टॅक्समधून वजा व्हायची. त्या वर्षी अमेरिकेने टॅक्सचा कायदा बदलला आणि २०१८ पासून ती सवलत बंद झाली. किती वर्षं देणगी दिली, एकूण किती दिली, याचे पॉइंट्स साठत जातात आणि त्या पॉइंट्सवर तुमची रांग आणि पार्किंगची जागा ठरते. त्यामुळे लोक तिकीट सोडत नाहीत. घटस्फोटात घर कुणाचं, गाडी कुणाची यासोबत फुटबॉलची सीट कुणाची, हाही वाद घालायची तयारी असते.

मी ऑनसाइटला मिशिगनमध्ये होतो तेव्हा हे प्रकरण जवळून पाहिलं. डेट्रॉईटच्या गाड्यांच्या कंपन्यांमुळे त्या भागात पुण्या-पिंपरीचे इंजिनीअर्स इतके आहेत की इंडियन ग्रोसरीच्या दुकानात हळू आवाजात मराठीत भांडायची सोय नाही. माझा इंजिनीअरिंगचा एक दोस्त तिथे सेटल झालेला. एका नोव्हेंबरात तो मला ओढून मॅचला घेऊन गेला. बाहेरून स्टेडियम बघितलं तर ठेंगणंठुसकं वाटतं, कारण बराचसा भाग जमिनीखाली खणून बांधलाय. आत शिरलं की पायाखाली ती प्रचंड वाटी उघडते आणि तोंडातून आपोआप 'आयला' निघतं. बसायला खुर्च्या नाहीत, लांबच लांब बाकडी आणि त्यावर नंबर. जाडजूड जॅकेट घातलेल्या लाखभर माणसांना त्या नंबरांमध्ये बसवायचं म्हणजे विरार फास्टची चौथी सीट. शेजारी एक सत्तरीचे काका होते. त्यांची सीट आधी त्यांच्या वडिलांची. मॅचभर त्यांनी मला नियम समजावले, शेंगदाणे दिले, आणि आपल्या टीमच्या बॅण्डने विजयगीत वाजवलं की दर वेळी उठून उभे राहिले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं बरं का त्यांचं!

मी त्यांना विचारलं, पहिल्यांदा कधी आलात? म्हणाले, स्टुडंट होतो तेव्हा. तिकीट जवळजवळ फुकटच होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा, की वरच्या लीगमधल्या सगळ्या कॉलेजांची मिळून सरासरी गर्दी २००८ च्या आसपास शिखरावर होती आणि मग घसरतच गेली. २०१८ मध्ये ती मॅचमागे बेचाळीस हजारांच्या खाली आली, १९९६ नंतरची सगळ्यात कमी. आणि हा झाला जाहीर केलेला आकडा. जाहीर आकडा म्हणजे विकलेली आणि वाटलेली तिकिटं. गेटवर प्रत्यक्ष स्कॅन झालेली तिकिटं किती, हे एका मोठ्या अमेरिकन वृत्तपत्राने २०१८ मध्ये युनिव्हर्सिट्यांकडून माहिती मागवून तपासलं, तेव्हा जाहीर आकड्याच्या साधारण ७१ टक्केच माणसं खरोखर आत आलेली निघाली. महिनाअखेरीला सेल्स रिपोर्ट भरणाऱ्यांना हा फरक नव्याने सांगायला नको.

लोक का येईनात? सगळ्यात मोठा व्हिलन घरातच बसलाय. साठ इंची टीव्ही. सोफा, फ्रिज, स्वच्छ टॉयलेट, रांग नाही, आणि एकाच वेळी दुसऱ्या चार मॅचेस. बरं, टीव्ही नुसता स्पर्धा करत नाही, तो स्टेडियममधल्या माणसाला छळतोही. मॅच दुपारी बाराची, साडेतीनची की रात्रीची हे चॅनेल ठरवतं, आणि बऱ्याचदा जेमतेम बारा दिवस आधी, कधीकधी तर सहा! चार तास ड्राइव्ह करून, हॉटेल बुक करून येणाऱ्याने काय करायचं? शिवाय जाहिरातींसाठी खेळ थांबतो तेव्हा टीव्हीवाल्याला निदान जाहिरात बघायला मिळते. स्टेडियममधला माणूस थंडीत नुसता उभा, बावीस खेळाडूंकडे बघत, आणि तेही नुसते उभे. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो.

दुसरं कारण ऑनलाइन तिकीट बाजार. सीझन तिकिटाचा पूर्वीचा मोठा फायदा म्हणजे मोठ्या मॅचला जागेची गॅरंटी. आता दोन दिवस आधी फोनवर हवं त्या मॅचचं तिकीट मिळतं आणि फालतू मॅचचं तर मातीमोल. सहा-सात मॅचेसचे पैसे भरलेल्या माणसाला आपल्या शेजारी निम्म्या किमतीत बसलेला पाहुणा दिसला की त्याला काय वाटत असेल? तत्कालवाला शेजारी स्वस्तात बसलाय असं दिसलं तर महिनाभर आधी रिझर्व्हेशन करणाऱ्याला वाटेल तसंच.

या फालतू मॅचेसही युनिव्हर्सिट्या स्वतःच विकत आणतात. घरच्या मॅचेस वाढवायच्या म्हणून एखाद्या छोट्या कॉलेजला पैसे देऊन बोलवायचं, धुवायचं आणि परत पाठवायचं, असा तो करार. कधीकधी तो उलटतोही. मिशिगनने २००७ मध्ये अ‍ॅपलेशियन स्टेट नावाच्या खालच्या श्रेणीतल्या टीमला चार लाख डॉलर्स देऊन बोलावलं. पाहुण्यांनी ३४-३२ ने मॅच मारली आणि चेक घेऊन घरी गेले! पण असली मजा दहा-वीस वर्षांतून एकदा. एरवी हाफ टाइमलाच निकाल लागलेला असतो.

*

आता येऊ आपल्या हीरोकडे. व्हिलन म्हणा हवं तर, मला तो दोन्ही वाटतो. डेव्ह ब्रॅण्डन. हा गृहस्थ स्वतः मिशिगनच्या टीममध्ये होता, मग कॉर्पोरेटमध्ये चढत चढत डॉमिनोज पिझ्झाचा सीईओ झाला, आणि २०१० मध्ये युनिव्हर्सिटीचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून परत आला. पिझ्झावाल्याला फुटबॉल विकायला बसवलं, असं हसण्यावारी नेऊ नका. माणसाला मार्केटिंग येत होतं. मिशिगन स्टेडियममधली पहिली नाइट मॅच त्याने २०११ मध्ये घडवून आणली. २०१३ च्या नाइट मॅचला १,१५,१०९ लोक आले, कॉलेज फुटबॉलच्या घरच्या मैदानावरचा तोवरचा विक्रम. तुम्ही-आम्ही त्याला प्रमोशन देऊन टाकलं असतं.

पण मग साहेबांची नजर स्टुडंट्सकडे गेली. पोरं सीझन तिकिटं घेतात आणि उशिरा येतात, मॅच सुरू होते तेव्हा टीव्हीवर त्यांच्या रांगा रिकाम्या दिसतात. तोवर पद्धत अशी होती की सीनिअर पोरांना पुढच्या रांगा, फर्स्ट इयरला मागच्या, आणि ग्रुपने अर्ज केला की सगळे दोस्त एकत्र. २०१३ मध्ये हे बंद. जो आधी येईल तो पुढे बसेल. कागदावर एकदम लॉजिकल! प्रत्यक्षात काय झालं? तीन वर्षं मागे बसून आता आपली पाळी आली म्हणून खूश असलेल्या फायनल इयरवाल्यांची पाळीच गेली. मुलींचा आणि मुलांचा पंधरा जणांचा ग्रुप गेटवर फुटायला लागला. एक जण लेट झाला की बाकीच्यांनी थांबायचं की सोडून जायचं? हा प्रश्न ज्याला पडलाय त्याला विचारा, माणूस मॅच बघायला जातो की ग्रुपबरोबर जातो.

त्यात तिकीट वाढलं. २०१४ पर्यंत स्टुडंट सीझन तिकीट तीनशे डॉलर्सच्या जवळ पोचलं होतं. त्यांच्या अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात महाग. टीमची अवस्था यथातथा. २०१४ च्या सीझनला ते पाच जिंकले, सात हरले. स्टुडंट तिकिटांची विक्री २०१२ च्या मानाने निम्म्याच्या आसपास आली. नऊ-दहा हजार पोरं गायब! बसायची पद्धत त्या वर्षी बदलली खरी, पण पोरं परत आली नाहीत.

आणि मग सप्टेंबर २०१४ मध्ये तो कोक आला. दुकानात पाटी: कोकच्या दोन बाटल्या घ्या, मिनेसोटाविरुद्धच्या मॅचची दोन तिकिटं फ्री. दोन बाटल्यांची किंमत तीन-चार डॉलर्स. विचार करा, एकीकडे तुमच्याकडून तीनशे डॉलर्स घेतलेत, आणि दुसरीकडे पेट्रोल पंपावर दोन कोक घेणाऱ्याला तीच मॅच फुकट! बोंबाबोंब झाल्यावर युनिव्हर्सिटीने ही ऑफर अशी द्यायची नव्हती म्हणून ती मागे घेतली. पण तोवर फोटो गावभर फिरले होते.

त्याच मिनेसोटाच्या मॅचमध्ये आणखी गंभीर गोष्ट घडली. डोक्याला मार लागून डगमगणाऱ्या क्वार्टरबॅकला मैदानातच ठेवलं गेलं. पोरं भडकली. तीन दिवसांत कॅम्पसवर मोर्चा, ब्रॅण्डनला काढा म्हणून हजारो सह्या. ३१ ऑक्टोबर २०१४ ला त्याने राजीनामा दिला. पुढच्या वर्षी स्टुडंट सीझन तिकीट १७५ डॉलर्सवर आणलं गेलं आणि जिम हार्बो नावाचा नवा, गाजलेला कोच आला. पोरं परत आली. स्वस्ताईने आली की कोचमुळे, हे वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते दोन्हींमुळे, आणि थोडी यामुळेही की कुणीतरी त्यांचं ऐकलं.

आणि हे सगळं चालू असताना तो १९७५ पासूनचा लाखाचा रेकॉर्ड? तो शाबूत होता! आकड्यात काहीच दिसलं नाही. तुमच्या ऑफिसचा डॅशबोर्ड सगळा हिरवा असताना फ्लोअरवर निम्मे लोक रेझ्युमे अपडेट करत असतात, अगदी तसंच.

*

अलाबामाची गोष्ट एकदम उलटी. तिथे टीम जिंकायचीच. इतकी जिंकायची की पोरं कंटाळून हाफ टाइमला निघून जायची. टस्कलूसाचा सप्टेंबर म्हणजे आपला मे महिना, त्यात समोरचा पन्नास पॉइंट्सने मागे. कोण थांबेल? कोच निक सेबन मात्र २०१८ मध्ये पत्रकारांसमोर पोरांवर चांगलेच वैतागले.

मग २०१९ मध्ये युनिव्हर्सिटीने आणलं अ‍ॅप. पोरांनी फोनवर ते डाउनलोड करायचं, ते तुमचं लोकेशन बघणार. मॅचला आलात की १०० पॉइंट्स. चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात की आणखी २५०! ज्याचे पॉइंट्स जास्त त्याला फायनलसारख्या मोठ्या मॅचच्या तिकिटात आधी नंबर. प्रायव्हसीवाल्यांनी आरडाओरडा केला. युनिव्हर्सिटी म्हणाली, नको असेल तर डाउनलोड करू नका.

मला हे वाचून आमच्या जुन्या ऑफिसातला 'एंगेजमेंट प्रोग्रॅम' आठवला. टाउनहॉलला हजर राहिलात की पॉइंट्स, शेवटपर्यंत बसलात की जास्त पॉइंट्स, दोन हजार पॉइंट्सवर एक पाण्याची बाटली. आणि हे अ‍ॅप पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आणलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. एका गरीब बिचाऱ्या फर्स्ट इयरवाल्याच्या सॅकमध्ये चाळीस मोबाइल आणि बाकीचे कॅण्टीनला. प्रॉक्सीचा शोध आपण लावलाय, बॉस.

पण सीरियसली, या अ‍ॅपमध्ये एक कबुली लपलेली आहे. चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबायला पैसे मोजावे लागतायत, म्हणजे चौथा क्वार्टर बघण्यासारखा उरलेला नाही.

त्यापेक्षा वेस्ट व्हर्जिनियाची आयडिया मला डोकेबाज वाटते. तिथे लोक हाफ टाइमला बाहेर यायचे, पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतल्या बीअरवर तुटून पडायचे आणि टाइट होऊन परत आत, किंवा आत जायचेच नाहीत. २०११ मध्ये युनिव्हर्सिटीने बाहेर जाऊन परत यायची सोय बंद केली आणि स्टेडियममध्येच बीअर विकायला काढली. सगळ्यांना वाटलं आता राडा होणार. उलट पोलिसांकडची प्रकरणं कमी झाली, सीटवर माणसं टिकली आणि गल्ल्यात भर. दक्षिणेतल्या मोठ्या लीगने सर्वसाधारण स्टॅण्ड्समध्ये दारूविक्रीवरची बंदी २०१९ मध्ये उठवली तेव्हा हा अनुभव समोर होताच.

*

अ‍ॅन आर्बरपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर इप्सिलँटी नावाचं गाव आहे. तिथे ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटी. स्टेडियम तीसेक हजारांचं आणि तेही भरायची मारामार. शेजारी मिशिगनसारखा हत्ती असताना या बिचाऱ्यांना कोण विचारणार? त्यात नोव्हेंबरात टीव्हीसाठी यांच्या लीगच्या मॅचेस मंगळवारी-बुधवारी रात्री ठेवतात. कडाक्याची थंडी, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

पण कॉलेज खेळांची मुख्य संस्था एनसीएए, तिचा तेव्हा नियम होता: वरच्या श्रेणीत राहायचं तर दोन वर्षांतून निदान एकदा सरासरी १५ हजारांची गर्दी दाखवा. प्रत्यक्ष आलेली किंवा तिकीट काढलेली, कुठलीही चालेल. 'किंवा' या शब्दात अख्खं जग मावतं! ईस्टर्न मिशिगनने पेप्सीबरोबरच्या करारातले पैसे वापरून स्वतःचीच तिकिटं तीन-तीन डॉलर्सला स्वतःकडूनच विकत घेतली. नियम पाळला, श्रेणी टिकली, खुर्च्या रिकाम्या. शेवटी २०२३ मध्ये एनसीएएने हा गर्दीचा नियमच काढून टाकला.

एका गावात कोक, दुसऱ्यात पेप्सी. असो.

नेब्रास्काचं मात्र मला कौतुक आहे. वीस लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येचं शेतकरी राज्य, मोठ्या लीगमधली एकही प्रोफेशनल टीम नाही. मॅचच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर असतं. १९६२ च्या नोव्हेंबरपासून तिथली प्रत्येक मॅच सोल्ड आउट आहे आणि २०२४ मध्ये ही साखळी चारशेवर गेली. पण मधली बरीच वर्षं टीम रडतखडत खेळत होती, तेव्हा ही साखळी आपोआप टिकली नाही. २०२१ मध्ये सीझनच्या सुरुवातीला तिकिटं उरली, तर काही देणगीदारांनी ती विकत घेतली आणि ज्यांना कधीच परवडली नसती अशा घरांतल्या मुलांना वाटली. त्यांच्यासाठी लाल गालिच्याचं नाव देऊन खास योजना काढली.

हाही आकड्यांचाच खेळ, म्हणाल. आहेच. पण पेप्सीच्या पैशात घेतलेल्या तिकिटावर कुणीच बसलं नव्हतं, इथे दहा वर्षांचं पोरगं बसलं. लाल टोपी घालून, तोंडात हॉट डॉग कोंबून, आयुष्यात पहिल्यांदा नव्वद हजार माणसांचा आवाज ऐकत. तिकीट खात्याच्या हिशेबात दोन्ही नोंदी सारख्याच. माझ्या हिशेबात नाहीत.

टेक्सास ए अ‍ॅण्ड एमला तर पोरं मॅचभर बसतच नाहीत. १९२२ च्या एका मॅचमध्ये टीमचे खेळाडू जखमी व्हायला लागले, तेव्हा प्रेक्षकांतला एक मुलगा गणवेश चढवून बाजूला उभा राहिला, लागलं तर उतरायला. त्याला उतरावं लागलं नाही. पण शंभर वर्षांनंतरही सगळी स्टुडंट मंडळी उभी राहते, आम्हीही तयार आहोत म्हणून. इथे पॉइंट्स देणारं अ‍ॅप आणून बघा. पोरं हसतील.

एक गोष्ट बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना उशिरा का होईना कळली. शेंगदाणे देणारे ते काका वीस वर्षांचे असताना तयार होतात. स्टुडंट असताना दर शनिवारी दोस्तांबरोबर त्या बाकड्यावर बसायची सवय लागली, तर पस्तिसाव्या वर्षी हाच माणूस देणगीसकट चार सीट्स घेतो. त्या वयात त्याला उशिरा येतोस म्हणून दमात घेतलंत, पिळलंत, तर पस्तिसाव्या वर्षी त्याच्याकडे पैसे असतात आणि सोफाही. म्हणून आता अनेक ठिकाणी नुकतेच पास झालेल्यांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या पहिल्या नोकरीवाल्यांसाठी, स्वस्त सीझन तिकिटं असतात. स्टुडंट सवलत संपली आणि देणगीची ऐपत आली नाही, या मधल्या चार-पाच वर्षांत गळती सगळ्यात सोपी.

आणि नेमकं आत्ताच बिल वाढतंय. २०२५ च्या जुलैपासून कोर्टातल्या तडजोडीमुळे युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत. पोरं राबतात तर त्यांना पैसे मिळायलाच हवेत, यात मला तरी काही वाद दिसत नाही. पण कुठून आणणार? टेनेसीने २०२४ मध्येच सांगून टाकलं, पुढच्या सीझन तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी'. हॉटेलच्या बिलावरच्या सर्व्हिस चार्जसारखी. त्यांना परवडतं, टीम फॉर्मात, स्टेडियम लाखाचं आणि तेव्हा सीझन तिकिटाला वेटिंग लिस्ट. इप्सिलँटीवाल्यांनी फी लावली तर?

हे त्या डेट्रॉईटवाल्या दोस्तालाच विचारलं. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता.

"अरे, सीझन तिकिटं घेतली. चार."

"मिशिगनची? लॉटरी लागली काय रे?"

"वेडा आहेस का! इप्सिलँटीची. परवडतात, गाडी जवळ लागते, आणि पोरीला तो पक्षी येऊन हाय-फाइव्ह देतो."

पक्षी म्हणजे स्वूप, त्यांचा गरुड. टीमचा मॅस्कॉट.

"आणि मंगळवारी रात्रीची मॅच असली की?"

मागून वहिनींचा आवाज आला, "तेव्हा मी घरी. हे दोघं जातात."

"मॅच कळते का तिला?"

"मला कुठे कळते?" तो म्हणाला. "ती बघते, मी ब्लँकेट धरून बसतो. आम्ही गेल्या वेळी शेवटपर्यंत होतो. चौथ्या क्वार्टरला आमच्या रांगेत आम्हीच."